जिनिंगच्या गेटावरचा संध्याकाळचा कोंबडा

बोर्डावर ‘सोनाळा – १० मिनिटे’ असं पाऊण तासापासून दिसत होतं, आणि मी त्याच बोर्डाखाली उभी होते. पळून जायची सोय नव्हती. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं आणि बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात त्याच कंपनीचं नाव होतं.

बाकावरचे एक आजोबा उठले. धोतराचा सोगा सावरत माझ्यापाशी आले आणि त्यांनी बोर्डाकडे बोट केलं.

“मॅडम, हे दहा मिनिटं पुण्याचे हायेत का इकडचे?”

मागे हशा पिकला. एरवी मीही हसले असते, पण बोर्ड माझा होता. मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग पुन्हा राग आला. माझा राग असाच फेऱ्या मारतो.

काय झालं होतं ते सांगते. पुण्यातली आमची कंपनी लहान होती. काम होतं बसस्टँडवरच्या प्रवाशांना गाडीची खबर देण्याचं. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे आम्ही साबणाच्या वडीएवढा एक डबा बसवायचो. तो उपग्रहांचे सिग्नल पकडून आपण कुठं आहोत ते ओळखतो आणि मोबाइलच्या सिमकार्डवरून आमच्या सर्व्हरला कळवतो. हे जीपीएस. आता ते प्रत्येकाच्या खिशात असतं, तेव्हा नवलाई होती. सर्व्हर मग हिशेब करायचा की अंतर इतकं, वेग इतका, म्हणजे गाडी इतक्या मिनिटांत येईल. तो आकडा बोर्डावर उमटायचा. बोर्डावर काय दिसावं, कुठल्या क्रमानं, किती मोठ्या अक्षरांत, हे ठरवणं माझं काम. याला इंटरफेस डिझाइन म्हणतात. माझी आई शेजाऱ्यांना सांगायची, “आमची पोरगी बोर्ड रंगवते.” मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

मी मूळची मेहकरची, म्हणजे घाटावरची. आमच्या बुलढाणा जिल्ह्याला दोन मजले आहेत, घाटावर आणि घाटाखाली. वरच्यांना वाटतं खाली नुसतं ऊन पिकतं, खालच्यांना वाटतं वर नुसती हवा. हा डेपो घाटाखालचा. त्याचं नाव सांगत नाही, तिथल्या माणसांनी मला फार चांगला चहा पाजला आहे. भागवत सरांनी, म्हणजे माझ्या बॉसनी, मला तिथं पाठवलं त्याचं कारणही एवढंच होतं की मला तिथली भाषा येते. “तू लोकल आहेस, सांभाळून घेशील,” असं ते म्हणाले. घाटावरच्या माणसाला घाटाखाली कोणी लोकल म्हणत नाही, हे पुण्यात कोणाला सांगणार?

तर ते दहा मिनिटांचं. दिवस कापसाच्या सीझनचे होते. बीटी, म्हणजे बोंडअळीला दाद न देणारी कापसाची नवी जात, घरोघरी पोचली त्या वर्षांतली ही गोष्ट. बीटीची बोंडं फुटतात ती एकदमच. सगळ्यांची वेचणी एकदम, सगळ्यांचा माल एकदम बाजारात. मार्केट यार्डाच्या गेटापासून बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भर रस्त्यावर रांग लावून उभ्या. भाव पटला की रांग सरकायची. नाही पटला की माणसं ट्रॉलीवरच कापसात अंग टाकून पडायची, आणि त्या वर्षी भाव कोणालाच पटत नव्हता. सोनाळ्याला जाणारी बस दुपारच्या फेरीवरून याच रस्त्यानं स्टँडवर परत यायची. ती त्या रांगेत अडकली की सर्व्हरला वाटायचं, गाडी थांब्यावर उभी आहे, आता निघेलच. म्हणून दहा मिनिटं. थोड्या वेळानं पुन्हा दहा मिनिटं. पुण्यात बसून लिहिलेल्या हिशेबात कापूस कोणी धरलाच नव्हता.

डेपो मॅनेजर काझी साहेब हे शांत गृहस्थ. टेबलावर बडीशेपेची डबी, आणि रागावले की ती उघडायचे. त्या संध्याकाळी त्यांनी ती उघडली.

“मॅडम, आधी आमची गाडी उशिरा यायची. आता गाडी उशिरा येते आणि वरून बोर्ड खोटं बोलतो. यात सुधारणा कुठली ते मला समजावून सांगा.”

“दुरुस्त करते, साहेब.”

“लवकर करा. ही सोनाळ्याची संध्याकाळची फेरी बंद करायचा विचार वर चालू आहे. भारमान नाही.”

भारमान म्हणजे गाडीतल्या जागांपैकी भरतात किती, त्याचा हिशेब. तो घसरला की फेरीवर फुली बसते. ही गाडी मुक्कामी होती, म्हणजे संध्याकाळी निघून शेवटच्या गावात रात्रभर थांबणारी आणि सकाळी परतणारी. वाटेतल्या खेड्यांना संध्याकाळी घरी नेणारी दुसरी एसटी नव्हती. वरच्या ऑफिसातले साहेब सीझन संपायच्या आत येऊन निकाल देणार होते. बोर्ड लावला तर प्रवासी वाढतील, अशी काझी साहेबांची आशा होती. ती मीच त्यांच्या डोक्यात भरवली होती.

पुण्याला फोन केला. आमच्या प्रोग्रॅमरनं रातोरात हिशेब बदलला. गाडी अडकली की मिनिटं वाढवत न्यायची. दुसऱ्या दिवशी बोर्डावर आलं, ‘सोनाळा – १ तास ४० मिनिटे’. लोकांनी ते वाचलं. काही चहाला गेले, काही काळीपिवळीत बसले. काळीपिवळी म्हणजे खेड्यांकडे माणसं वाहणारी जीप. तेवढ्यात यार्डाची रांग अचानक सुटली आणि थोड्याच वेळात बस स्टँडवर हजर. गाडी रिकामी निघाली. तिच्यामागे हातात चहाचे कप घेऊन माणसं धावत होती.

काझी साहेबांनी बडीशेपेची डबी उघडली नाही. शिपायाला हाक मारली आणि बोर्ड झाकायला सांगितलं. शिपायानं शिडी लावून बोर्डावर एक जुनी चादर टाकली. मी खाली उभी राहून बघत होते. नवरीच्या तोंडासमोरून अंतरपाट काढतात, इथं माझ्या पोरीच्या तोंडावर घातला. त्या दिवशी मला खरंच रडू आलं. तोंड धुवायच्या निमित्तानं नळावर गेले आणि तिथं दोन मिनिटं उभी राहिले.

मग डोकं ताळ्यावर आलं. म्हटलं, बोर्ड झाकलाय, गाडी तर झाकलेली नाही. दुसऱ्या संध्याकाळी तिकीट काढून त्या रिकाम्या मुक्कामी गाडीत मी स्वतः बसले.

बस यार्डापाशी अडकली, सुटली, आणि गावाबाहेर जिनिंगच्या गेटाशी आली. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. गेटासमोर एक काळीपिवळी निघत होती. आत बायका कोंबलेल्या, मागच्या पायरीवर पुरुष लोंबकळत. आमच्या बसनं हॉर्न दिला. जीपमधल्या दोघीतिघींनी वळून बसकडे बघितलं. गाडी चुकल्यावर माणूस ज्या तोंडानं बघतं, त्याच तोंडानं.

मी कंडक्टरला विचारलं, “या बायका कुठल्या?”

“ह्याच रूटच्या, मॅडम. रोजचंच हाये. जीप आमच्या थोडी पुढं ऱ्हायते.”

म्हणजे प्रवासी होते. बसच्या नाकासमोर होते. माझा बोर्ड मात्र गावात, स्टँडवर, त्यांच्या उलट्या दिशेला. ज्यांच्यासाठी गाडी होती त्यांनी माझा बोर्ड कधी पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कामाची सुट्टी व्हायच्या आधी मी गेटावर जाऊन बसले. भोंगा झाला आणि बायका बाहेर आल्या. केसांना, भुवयांना कापसाचे तंतू चिकटलेले, सगळ्याच एका दिवसात म्हाताऱ्या झालेल्या. त्यांच्यात पुढे होत्या द्वारकाबाई. उंच, कडक आवाजाच्या, पदराच्या गाठीला मोबाइल बांधलेला. मी सरळ विचारलं, एसटी का घेत नाही?

“काऊन म्हंजे?” त्या माझ्याकडे वळल्या. “गाडी येऊन राह्यली का गेली, हे आमाले कोण सांगते? जीप समोर उभी ऱ्हायते. तिले जाऊ देलं अन् मंग गाडी आलीच नाई तं? जीप बी गेली, गाडी बी नाई. मंग काय इथंच सरकीच्या ढिगावर झोपाव?”

“पण जीप बरी वाटते का?”

“बरी? त्या दिशी नालीत गेली. हे नसीमबी पाहा.” शेजारच्या बाईनं प्लास्टरमधला हात वर केला. “तवापासून माह्या सासऱ्यानं सांगून टाकलं, जीपनं आली तं जिनिंग बंद. मी फाट्यावर उतरतो, पायी घरी जातो, अन् सांगतो गाडीनं आली.”

“आणि फेरी बंद झाली तर?”

द्वारकाबाईंनी पदराची गाठ घट्ट केली.

“मंग तं खोटं बी बोलता येणार नाई, ताई. मंग घरीच.” मग त्याच पुढे म्हणाल्या, “वावर सालातून एकदा देते. देलं तं देलं. यंदा त्या बीटीले बोंडं लागले तं भाव नाई. जिनिंग हप्त्याच्या हप्त्याले देते. माह्या घरात चूल कशावर पेटते, ते सासऱ्याले बी माहीत हाये.”

तेवढ्यात जीप आली आणि त्या चढल्या. जाताना पदराची गाठ सोडून त्यांनी मोबाइलवर एक नंबर लावला, एक रिंग जाऊ दिली आणि कापला. मी बघतच राहिले. सगळ्याच बायका तेच करत होत्या. एक रिंग म्हणजे निघाले. दोन म्हणजे उशीर होईल, पोरांना जेवू घाला. घरी पोचल्यावर कारखान्यातल्या मैत्रिणीला पुन्हा एक रिंग, म्हणजे पोचले. त्या काळात आमच्याकडे फोन बोलायला नव्हताच, वाजवायला होता. मिस कॉल फुकट असायचा आणि त्यावर अख्खे संसार चालायचे.

मी लॉजवर परत येईपर्यंत डोक्यात सगळं जुळलं होतं. भागवत सरांना फोन लावला.

“सर, बोर्डावरची मिनिटं काढायची.”

“काढायची? अगं, ब्रोशरवर पहिल्याच पानावर आहेत! मग दाखवायचं काय?”

“गाडी कुठं आहे तेवढंच. स्टँडवरून निघाली. यार्ड ओलांडलं. बस्स.”

“यात टेक्नॉलॉजी काय राहिली?”

“सर, आपलं गणित तिथल्या पोराटोरांच्या चेष्टेचा विषय झालंय. इथल्या माणसाला रस्ता माहीत आहे. गाडी कुठं आहे ते कळलं की किती वेळ लागेल ते तो आपल्यापेक्षा बरं सांगतो. आणि ते बोर्डावर नाही, फोनवर सांगायचं. त्यांनी मिस कॉल द्यायचा, आपण उलट फोन करायचा.”

सरांना मिनिटं गेल्याचं दुःख झालं, पण उलट फोन आवडला. त्यांनी लगेच पुण्यात एका बाईंच्या गोड आवाजात रेकॉर्डिंग करून घेतलं. मी डेपोत आणि जिनिंगच्या गेटावर नंबर वाटला. संध्याकाळी द्वारकाबाईंनी मिस कॉल दिला. उलट फोन आला. मी कान टवकारून उभी.

“नमस्कार, प्रवासी माहिती सेवेत आपले—”

द्वारकाबाईंनी फोन कापला. नसीमबींनी तर ‘नमस्’वरच कापला.

“अहो, कापला का?”

“कापू नाई तं काय? काम्पुटरची बाई हाये थे. तिले बोलू देलं का पैसे कटते. मागं मी असंच आयकत बसली तं थे भजनाची रिंगटोन लावून गेली अन् बॅलन्स खाऊन गेली.”

नसीमबी म्हणाल्या, “हमारे इधर तो कोई सुनताच नही, मॅडम.”

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यात त्यांची काय चूक? तेव्हाच्या फोन कंपन्यांनी या बायकांना असं शिकवून ठेवलं होतं की यंत्राचा आवाज आला की आधी फोन तोडायचा. पुण्यातल्या बाईंचा आवाज कितीही गोड असला तरी ऐकणारंच कोणी नव्हतं.

मी गेटासमोरच्या दगडावर बसले. माणसं यंत्राला बोलू देत नाहीत. मग यंत्रानं बोलायचंच कशाला? या बायका एकमेकींशी बोलतात तसंच यंत्रानं वाजावं. मिस कॉलला उत्तर मिस कॉलनंच द्यायचं. उचलायची गरज नाही, पैसे कटायची भीती नाही, वाचता यायला हवं असंही नाही.

सरांना पुन्हा फोन. आता ते वैतागले होते.

“म्हणजे सर्व्हरनं फोन लावायचा आणि लोकांनी उचलायच्या आत ठेवून द्यायचा? अगं, त्याला बिघाड म्हणतात!”

“सर, याला इथं निरोप म्हणतात.”

रचना सोपी ठेवली. दिवसा कधीही एक मिस कॉल द्या, त्या संध्याकाळपुरता तुमचा नंबर आमच्याकडे नोंदला जाईल. गाडी स्टँडवरून निघाली की एक रिंग. म्हणजे वेळ आहे, चहा प्या. गाडीनं यार्डाचं गेट ओलांडलं की लागोपाठ दोन रिंगा. म्हणजे रस्त्यावर या. मधल्या रांगेत गाडी कितीही अडकू दे, आम्ही भाकीत करायचं नाही.

घरची रिंग कुठली आणि गाडीची कुठली, हे वेगळं कळायला हवं होतं. मी द्वारकाबाईंच्या फोनमध्ये त्या नंबरला वेगळी रिंगटोन लावून द्यायला बसले. एकेक वाजवून दाखवली. सतार नको, घंटा नको. कोंबड्याची बांग आली तशी त्या खळखळून हसल्या.

“हेच लावा! संध्याकायी कोंबडा आरवला का गाडी निघाली!”

मग सगळ्यांनाच कोंबडा हवा झाला. ज्यांच्या फोनमध्ये तो नव्हता त्या रुसल्या.

आता उरला काझी साहेबांचा प्रश्न. मी त्यांना म्हटलं, “साहेब, तीन रिंगाही ठेवूया. आज गाडी रद्द, यासाठी.”

डबी उघडली. “मॅडम, गाडी रद्द झाल्याचं आम्ही कळवत नाही. लोकांना आपोआप कळतं.”

“कसं?”

“गाडी येत नाही ना.”

“साहेब, त्या बायका बससाठी का थांबत नाहीत? बस येणार नसेल तर तसं कोणी सांगत नाही म्हणून. ‘येते’ हे खरं वाटायला हवं असेल तर ‘येत नाही’ हेही तुम्हीच सांगायला पाहिजे.”

त्यांनी चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली. “म्हणजे आमची बदनामी आम्हीच वाजवायची.”

“हो.”

“ठीक आहे. बसवा.”

रद्दचं बटण मात्र यंत्राच्या भरवशावर नव्हतं. ते वाहतूक नियंत्रकाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर ठेवलं, माणसानं दाबायला. आमच्या प्रोग्रॅमरनं ते लाल केलं होतं. मी पांढरं करायला लावलं. लाल बटण दाबताना माणसाला आपण गुन्हा करतोय असं वाटतं, आणि मग तो दाबतच नाही. डिझाइन म्हणजे बरंचसं हेच असतं.

सुरुवातीचे दिवस धाकधुकीचे गेले. द्वारकाबाई आणि त्यांच्या दोन मैत्रिणी थांबायच्या, बाकीच्या जीपनं जायच्या. मग एक दिवस मुक्कामी गाडीचा क्लच गेला. डेपोत दुसरी गाडी नव्हती. काझी साहेब स्वतः कॉम्प्युटरपाशी आले, चष्मा लावला आणि पांढरं बटण दाबलं. मी गेटावर होते. पदराच्या गाठीतून कोंबडा आरवला. पुन्हा. पुन्हा.

“तीन!” द्वारकाबाई ओरडल्या. “आज गाडी नाई व! चला, जीपमंदी बसा!”

दुसऱ्या दिवशी त्या मला शोधत आल्या. म्हणाल्या, काल घरी खरं सांगितलं. सासरे दारातच उभे होते, जीपनं कशी आली म्हणून. “मी म्हटलं, आज गाडी रद्द हाये, डेपोनंच सांगलं. थे म्हणे, डेपोनं सांगलं? मी म्हटलं, हाव, तीनदा वाजोलं. मंग दारातून बाजूले झाले.” आणि पुढे म्हणाल्या, “जे नाई म्हणते, त्याचं हो बी खरं असते, ताई.”

त्या दिवसापासून बसची वाट बघणाऱ्या बायका वाढत गेल्या. वाटेतल्या फाट्यांवरचे लोकही नंबर मागू लागले. बोर्डावरची चादर काझी साहेबांनी काढायला लावली. आता त्यावर मिनिटं नव्हती, ‘सोनाळा – यार्डापाशी’ असं मोठ्या अक्षरांत यायचं. तेच आजोबा बोर्ड बघून मला म्हणाले, “आता सुधरला.” बोर्ड की मी, ते मी विचारलं नाही.

वरच्या ऑफिसातले साहेब आले तेव्हा काझी साहेबांनी त्यांच्यापुढे भारमानाचे आकडे ठेवले. चांगले होते. साहेबांनी कागद बाजूला सारला.

“ही सीझनची गर्दी आहे, काझी. जिनिंग बंद झालं की गाडी पुन्हा रिकामी. आणि हे मिस कॉलचं काय? आपण प्रवाशांना मिस कॉल देतो?”

मला बोलायचं होतं, पण काझी साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि साहेबांना म्हणाले, “सर, बघायलाच चला.”

आम्ही तिघं साहेबांच्या गाडीतून जिनिंगच्या गेटावर गेलो. भोंगा होऊन गेला होता. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, एकमेकींच्या केसांतले तंतू काढत, चहा पीत. एकदा कोंबडा आरवून गेला होता. समोर काळीपिवळी उभी, आणि तिचा ड्रायव्हर ओरडत होता, “चला सोनाळा, सोनाळा! बसा मावशी, जागा हाये!”

कोणी उठलं नाही.

“या चढत का नाहीत?” साहेबांनी विचारलं.

“कोंबडा एकदाच आरवलाय, सर,” मी म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की काझी साहेबांना खोकला आला.

वेळ जात होता आणि गाडी येत नव्हती. त्या दिवशी यार्डाची रांग कधी नव्हे इतकी लांब होती. जीपवाला खाली उतरला, हातावर तंबाखू मळत बायकांपाशी आला. “मावशी, गाडी यार्डापाशी अटकली हाये. मी आत्ता पाहून आलो. हे काही रातीलोक येत नाई. पाहा बाप्पा, मी चाललो.”

तो खोटं बोलत नव्हता. एक तरुण बाई उठली आणि डब्याची पिशवी उचलून जीपकडे दोन पावलं गेली. तिच्या मागून आणखी दोघी. साहेबांनी काझी साहेबांकडे बघितलं. मनात म्हटलं, संपलं, आता सगळ्या जातील.

“बस खाली, वं!” द्वारकाबाईंचा आवाज आला. “अटकली असन तं असन. तीनदा वाजला का? नाई नं? मंग येते.”

ती बाई थांबली आणि परत येऊन बसली. दोघीही बसल्या.

जीपवाल्यानं हॉर्न दिला, पुन्हा दिला. मग गेटाशी कुणाच्या तरी पदरात कोंबडा आरवला, आणि लगेच पुन्हा. मग दुसरीकडे. मग भिंतीच्या कडेनं सगळीकडूनच, थोडे मागेपुढे, दोनदोनदा. भर संध्याकाळी जिनिंगच्या गेटावर अख्ख्या खुराड्याला जाग आल्यासारखं झालं. बायका हसत उठल्या, पदर झटकले, पिशव्या उचलल्या आणि रस्त्याच्या कडेला रांगेत उभ्या राहिल्या. जीपवाल्यानं तंबाखू तोंडात टाकली, “लागली धंद्याची वाट,” म्हणाला आणि रिकामी जीप घेऊन निघून गेला. त्याच्यावर माझा राग नव्हता. त्यालाही पोट होतं.

लाल गाडी वळणावरून आली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली नाही. काझी साहेबही वाजवत होते.

साहेब पुढे झाले आणि पायरीवर चढणाऱ्या द्वारकाबाईंना त्यांनी विचारलं, “बाई, गाडी तर उशिराच आली की.”

“आली तं आली उशिरा,” द्वारकाबाई म्हणाल्या. “येणार हाये हे माहीत होतं नं, साहेब. आमाले उशिराचा धाक नाई. धाक हाये तो न येण्याचा.”

आत शिरल्यावर त्यांनी खिडकीची जागा पकडली. नसीमबींच्या मोडलेल्या हाताला धक्का लागू नये म्हणून त्यांना आतल्या बाजूला घेतलं. गाडी भरून गेली. साहेब रस्त्यावर उभे राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. मग काझी साहेबांना म्हणाले, “फेरी चालू ठेवा. सीझननंतरही.” गाडीत बसल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “तो कोंबडा प्रत्येक फोनमध्ये असतो का हो?”

फेरी टिकली. पुढे आम्ही हीच रचना आणखी काही डेपोंना दिली. भागवत सरांनी नव्या ब्रोशरवर छापलं, ‘अभिनव रिंग-आधारित प्रवासी संवाद प्रणाली’. छापू दे बापडे. हल्ली कंपनीत नवी मुलं येतात, नकाशावर धावत्या गाडीचं चित्र दाखवतात, खाली मिनिटांचा आकडा नाचतो. छान दिसतं. मी त्यांना एवढंच सांगते की भविष्य सांगायचं तर ज्योतिषी व्हा, आपण बातमी द्यायची. आणि वाईट बातमी आधी.

त्या सीझनला पुण्याला परत जायला मलकापूरहून रेल्वे धरायची होती. निघण्याआधी द्वारकाबाईंचा नंबर मी माझ्या फोनमध्ये घेतला आणि त्यालाही कोंबडाच लावला. “पुढच्या सीझनले पयल्या दिशी गाडीनं घरी पोचली का एक वाजवीन, ताई,” त्या म्हणाल्या. मग कामाच्या धबडग्यात मी विसरून गेले.

वर्ष उलटलं. पुण्यात एका मोठ्या क्लायंटसमोर सादरीकरण चालू होतं, संध्याकाळची वेळ, एसी लावलेली खोली, भागवत सर ‘युजर जर्नी’ समजावून सांगत होते. माझ्या पर्समध्ये कोंबडा आरवला. एकदाच. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

म्हणजे सीझन सुरू झाला होता. द्वारकाबाई कामावर गेल्या होत्या, आणि लाल गाडीनं घरी पोचल्या होत्या.

“महत्त्वाचा फोन असेल तर घ्या,” क्लायंट म्हणाला.

“महत्त्वाचाच आहे,” मी म्हटलं. “पण हा उचलायचा नसतो.”